चष्म्याची खूण

डोळ्यांभोवतीची त्वचा फार नाजूक असते. पोहताना किंवा शेतात औषध फवारताना लावलेल्या चष्म्यामुळे ती कधी कधी लाल होते, खाजते. अशा वेळी चष्मा टाकून द्यावा, की त्रासाचे कारण शोधावे? यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलाने या पाठात आपली हकीकत सांगितली आहे.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. यवतमाळ शहरापासून एसटीने तासाभराचा रस्ता. गावाच्या शिवारात जिकडे पाहावे तिकडे कपाशीच दिसते. आमच्या भागात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात आणि शेताला वावर. अब्बांचे पाच एकर वावर आहे. त्यावरच आमचे घर चालते.

गावाजवळून नदी वाहते. पण उन्हाळ्यात ती आटते आणि पावसाळ्यात तिच्या पुरात उतरण्याची कोणाची हिंमत होत नाही. त्यामुळे मला पोहता येत नव्हते. गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी मी यवतमाळला मामूंकडे गेलो. मामूंनी मला आणि माझ्या मामेभावाला जलतरण तलावावर पोहण्याच्या वर्गात घातले. बाजारातून आमच्यासाठी दोन गॉगलही आणले. त्यांना काळ्या रबराची कड होती आणि मागे घट्ट पट्टा होता.

पहिल्या दिवशी पोहायला शिकवणाऱ्या सरांनी आम्हांला तलावाच्या काठावर बसवले. ते म्हणाले, "मुलांनो, गॉगल म्हणजे पोहण्याचा चष्मा. 'चष्मा' हा शब्द मराठीत कुठून आला, सांगा पाहू."

मी म्हणालो, "सर, हा तर आमच्या उर्दूतला शब्द आहे. 'चश्म' म्हणजे डोळा."

"शाब्बास! मुळात तो फारसी शब्द आहे. तेथून तो उर्दूत आला आणि मराठीतही आला," सर म्हणाले.

"सर, उर्दूत झऱ्यालाही चश्मा म्हणतात," मी आणखी सांगितले.

सर हसले. "मग आज तुम्ही चष्मा लावून चष्म्यात उतरा!"

सगळी मुले हसू लागली. मग सरांनी आम्हांला एक माहिती सांगितली. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. ती खाडी पोहून पार करणारी ती पहिली स्त्री. तिच्या चष्म्यात खारे पाणी शिरू नये म्हणून त्याच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. पुढे १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये मार्क स्पिट्झ याने सात सुवर्णपदके जिंकली, तीही चष्मा न लावता. आज मात्र स्पर्धेत चष्मा न लावणारा पोहणारा क्वचितच दिसतो.

पोहण्यात मला गोडी वाटू लागली. पण माझ्या गॉगलमध्ये थोडे थोडे पाणी शिरत असे. म्हणून मी त्याचा पट्टा रोज अधिकच आवळू लागलो. तलावातून बाहेर आलो की डोळ्यांभोवती दोन गोल खुणा उमटलेल्या असत. मामेभाऊ मला चिडवायचा, "आला बघा घुबडराव!"

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या खुणा गेल्याच नाहीत. त्या लाल झाल्या. रात्री खाज सुटली. मी झोपेत खाजवले. सकाळी आरशात पाहतो तो काय! पापण्या सुजलेल्या, डोळ्यांखाली बारीक पुरळ आणि एका बाजूला नखाची लहानशी जखम.

घरात प्रत्येकाने एकेक उपाय सुचवला. नानी म्हणाली, "सुरमा घाल, थंड वाटेल." मामेभाऊ म्हणाला, "बाम चोळ." शेजारच्या एका ताईंनी त्यांच्याकडची मलमाची अर्धी नळी आणून दिली. मुमानींनी मात्र ती नळी बाजूला ठेवली. त्या म्हणाल्या, "डोळ्याचे काम आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावायचे नाही."

मी रागाने गॉगल पिशवीत कोंबला. दुसऱ्या दिवशी तसाच पाण्यात उतरलो. अर्ध्या तासात डोळे लालभडक झाले आणि चुरचुरू लागले. चष्मा लावला तर कातडीला त्रास आणि काढला तर डोळ्यांना त्रास! पोहणेच सोडून द्यावे, असे मला वाटू लागले.

त्याच दिवशी मामू मला त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. मामूंनी माझा गॉगलही बरोबर घेतला होता. डॉक्टरबाईंनी आधी तो हातात घेतला. त्याची कड बोटाने दाबून पाहिली, वास घेतला. मग त्यांनी माझ्यापुढे आरसा धरला.

"नीट पाहा. लाली कुठे आहे?"

"डोळ्यांभोवती," मी म्हणालो.

"कपाळावर आहे? गालावर? मानेवर?"

"नाही. जिथे गॉगलची कड टेकते, तेवढीच आहे."

"म्हणजे निम्मे उत्तर तूच दिलेस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तलावाच्या पाण्याचा त्रास असता, तर तो साऱ्या अंगावर कुठेही दिसला असता. इथे तो कडेपुरता आहे. म्हणून आपण कडेचाच विचार करू. आता सांग, पट्टा किती आवळत होतास?"

मी हाताने दाखवले. त्या हसल्या आणि एका कागदावर पापणीचे चित्र काढून सांगू लागल्या.

"आपल्या शरीरात सर्वांत पातळ त्वचा पापणीची असते. तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. तिच्यावर घट्ट कड तासभर दाबली, वर ती घासली, तर त्वचा लाल होणारच. हे झाले पहिले कारण.

दुसरे कारण कडेला साचलेल्या घाणीचे. तलावाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घालतात. पोहून आल्यावर तू गॉगल धुतलास का? नाही ना? ते पाणी कडेच्या खाचेत राहते. त्यात घाम आणि तेल मिसळते. ओला गॉगल पिशवीत बंद केला की तो कुबट होतो. दुसऱ्या दिवशी तीच घाण पुन्हा त्वचेवर दाबून बसते.

तिसरे कारण ॲलर्जीचे. रबर लवचीक आणि टिकाऊ व्हावे म्हणून कारखान्यात त्यात काही रसायने घालतात. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. पण काहींच्या त्वचेला ती मानवत नाहीत. हे पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून माणसाला कारण कळत नाही. तो आदल्या रात्री खाल्लेल्या पदार्थाला दोष देतो!"

"मग मला कोणते कारण लागू आहे?" मी विचारले.

"पहिली दोन तर नक्कीच. तिसरे आहे की नाही, ते पुढे कळेल. आता काही दिवस गॉगल बंद. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत पोहायचे नाही. स्वच्छ, मऊ कापड थंड पाण्यात भिजवून दिवसातून दोन-तीन वेळा डोळे मिटून वर ठेवायचे. खाजवायचे नाही. साबण लावायचा नाही. मी देते तेवढेच औषध लावायचे."

मुमानींनी दिलेली ती मलमाची नळी मामूंनी खिशातून काढून दाखवली. ती पाहताच डॉक्टरबाई गंभीर झाल्या.

"बरे झाले, लावली नाही. यात स्टेरॉइड आहे. डॉक्टर ते कधी कधी देतात; पण किती आणि किती दिवस, ते मोजून देतात. मनाने ते डोळ्यांजवळ लावत राहिले, तर त्वचा आणखी पातळ होते. डोळ्याच्या आतील दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. सुरमा, काजळ, बाम, लिंबाचा रस यांपैकीही काही लावू नये. काही सुरम्यांत शिसे असते आणि ते शरीराला घातक आहे."

मग मी माझी खरी शंका विचारली. "डॉक्टरबाई, आता मी गॉगल कायमचा सोडून देऊ का?"

"मुळीच नाही. चष्मा न लावता उतरलास तेव्हा काय झाले? पोहणाऱ्यांचा घाम आणि मूत्र क्लोरीनमध्ये मिसळून वेगळीच द्रव्ये तयार होतात. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः त्यांच्यामुळे. म्हणूनच तलावात उतरण्याआधी अंघोळ करायची असते. बेटा, त्रास कडेचा आहे. डोळ्याला चष्मा नको, असे त्यातून ठरत नाही. कड बदल, पट्टा सैल कर, चष्मा धू."

निघताना त्यांनी एक ताकीद दिली. "डोळ्याच्या आत दुखू लागले, नजर अंधुक झाली, उजेड सहन होईना, पापणीतून पू आला किंवा सूज वाढत गेली, तर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे यायचे."

आठवड्याभरात माझी त्वचा बरी झाली. मामूंनी मला सिलिकोनची मऊ कड असलेला दुसरा गॉगल आणून दिला. तो निवडण्याची रीत सरांनी शिकवली. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबून पाहायचा. तो क्षणभर आपोआप चिकटून राहिला, तर आपल्या चेहऱ्याला बसतो असे समजायचे. न बसणारा गॉगल पट्टा आवळून बसवायचा नाही. काढताना पट्टा मागून वर उचलायचा. काच पुढे ओढून सोडायची नाही, कारण ती उसळून डोळ्यावर आदळू शकते. गॉगल रोज साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचा आणि दुसऱ्याला वापरायला द्यायचा नाही. एवढे पाळल्यावर मला पुन्हा त्रास झाला नाही. सुट्टी संपली तेव्हा मी तलावाची लांबी न थांबता पोहू लागलो होतो.

जूनमध्ये मी गावी परतलो. पाऊस पडला, पेरण्या झाल्या. ऑगस्टमध्ये पऱ्हाटी माझ्या छातीपर्यंत आली आणि फवारणीचे दिवस सुरू झाले. एका सकाळी अब्बा पंप घेऊन वावरात निघाले. त्यांनी तोंडाला रुमाल बांधला होता. पण डोळे उघडेच होते. फवारणीचा चष्मा गोठ्यातल्या खिळ्याला लटकत होता. त्यावर धूळ साचली होती.

"अब्बा, तुम्ही चष्मा का लावत नाही?" मी विचारले.

"बेटा, तो लावला की घामाने काच धुकते. कडेने आग होते, खाज सुटते. दोन दिवस खूण जात नाही. त्यापेक्षा तो नसलेला बरा."

अब्बांचे शब्द ऐकून मी चमकलो. अगदी हेच मी मे महिन्यात म्हणत होतो! पण माझा प्रश्न पोहण्याचा होता. अब्बांचा प्रश्न विषाचा होता.

आमच्या जिल्ह्यात २०१७ चे साल कोणी विसरलेले नाही. तेव्हा मी फार लहान होतो. पण घरात त्याची गोष्ट अजून निघते. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. फवारा वर धरावा लागे आणि औषधाचे तुषार तोंडावर येत. अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती. यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली होती. आमच्या शेजारचे चाचाही तेथे होते. "दोन दिवस मला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता," असे ते आजही सांगतात. ते बरे होऊन घरी आले. सगळेच आले नाहीत.

मी धावत घरात गेलो आणि माझा पोहण्याचा गॉगल आणला. "अब्बा, हा लावा. याने मला खाज येत नाही."

अब्बांनी तो डोळ्यांवर धरून पाहिला आणि हसले. "कसा दिसतो मी?" तरी माझे मन राखण्यासाठी त्यांनी त्या दिवशी फवारणी थांबवली. दुसऱ्या दिवशी गावात कृषी विभागाचे अधिकारी आले होते. अब्बा दोन्ही चष्मे घेऊन त्यांच्याकडे गेले. मीही बरोबर होतो.

अधिकारी म्हणाले, "मुला, तुझी काळजी खरी आहे, पण हा चष्मा वावरातला नाही. तो फक्त डोळ्यांची खोबण झाकतो. भुवया, पापण्यांची बाजू उघडी राहते आणि त्याला हवेची वाटच नाही. उन्हात पाच मिनिटांत तो धुकेल. मग अब्बा तो काढतील, तोही औषधाने माखलेल्या हाताने! फवारणीला मोठा, बाजूंनी बंद आणि झाकलेली छिद्रे असलेला चष्मा लागतो."

"पण त्याने खाज सुटते," अब्बा म्हणाले.

मला डॉक्टरबाईंची आठवण झाली. मी विचारले, "अब्बा, खाज कुठे सुटते? साऱ्या तोंडावर, की कडेपुरती?"

"कडेपुरती," अब्बा म्हणाले.

मी अब्बांचा चष्मा उलटा केला. आतल्या कडेला स्पंजाची पट्टी होती. ती दाबली तर बोटाला काळपट ओल लागली. अधिकाऱ्यांनी चटकन माझा हात धरला आणि मला साबणाने हात धुवायला लावले. मग ते अब्बांना म्हणाले, "भाऊ, हा चष्मा तुम्ही कधी धुतला होता?"

अब्बा काही बोलले नाहीत.

"या स्पंजात मागच्या हंगामाचे औषध मुरले आहे. चष्मा लावता तेव्हा तेच तुम्ही पापणीवर दाबून ठेवता. खाज सुटणार नाही तर काय होईल? हा चष्मा आता वापरू नका. स्पंज नसलेला, धुता येईल अशा मऊ कडेचा घ्या. पट्टा बेताचा ठेवा. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन कमी असताना करा, म्हणजे घाम कमी येईल आणि काच कमी धुकेल. काम संपले की हातमोजे न काढता ते आधी साबणाने धुवा, मग चष्मा धुवा. तो औषधाच्या डब्याजवळ टांगू नका."

ते पुढे म्हणाले, "आणि नुसता चष्मा पुरेसा नाही. विष त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, मास्क आणि बूट हवेत. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. औषधे मनाने मिसळू नका. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. त्याखाली पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा त्रिकोण असला, तरी ते औषध पिकाचे आहे, माणसाचे नाही. शेतमजुरांना अशी साधने देणे कायद्यानेही बंधनकारक आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम त्यासाठीच आहेत."

"खाज कडेबाहेर गेली तर?" मी विचारले.

"चांगला प्रश्न! मान, हात, तोंड यांची आग होऊ लागली किंवा नजर अंधुक झाली, डोके दुखू लागले, मळमळले, फार घाम आणि लाळ सुटली, तर तो चष्म्याचा त्रास नव्हे, विषाचा आहे. लगेच काम थांबवायचे, कपडे बदलायचे, अंग साबणाने धुवायचे आणि औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठायचा. डब्यावरचे नाव पाहून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. औषध डोळ्यात उडाले, तर डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि मग डॉक्टरांकडे जायचे."

त्याच आठवड्यात अब्बांनी तालुक्याच्या बाजारातून नवा चष्मा, मास्क आणि हातमोजे आणले. पहिल्या दिवशी त्यांना अवघडल्यासारखे झाले. ते दोनदा धुऱ्यावर आले, सावलीत बसले, काच पुसली आणि पुन्हा कामाला लागले. पूर्वी जे काम एका सकाळी होई, त्याला आता दोन सकाळी लागल्या. पण चष्मा त्यांनी काढला नाही.

संध्याकाळी अब्बा घरी आले, तेव्हा अम्मीने अंगणात पाणी आणि साबण ठेवला होता. त्यांनी हातमोजे धुतले, चष्मा धुतला, मग अंघोळ केली. त्यांच्या डोळ्यांभोवती दोन फिकट खुणा उमटल्या होत्या. मी हसून म्हणालो, "अब्बा, घुबडराव!"

अब्बाही हसले. जेवण होईपर्यंत त्या खुणा निघून गेल्या होत्या. अब्बांनी दिव्याजवळ बसून माझे मराठीचे पुस्तक उघडले आणि त्यातली बारीक अक्षरे मला वाचून दाखवली. "बघ, सगळे स्वच्छ दिसते," ते म्हणाले.

अंगणातल्या दोरीवर त्यांचा फवारणीचा चष्मा वाळत होता. त्याच्या शेजारी मी माझा गॉगल टांगणार होतो. पण मग आठवले आणि तो घरात वेगळ्या खिळ्याला टांगला.

शब्दार्थ

त्वचा – कातडी, जिल्द
शिवार – गावाभोवतीची शेतजमीन
पऱ्हाटी – कपाशीचे झाड
वावर – शेत
धुरा – शेताचा बांध
पुरळ – त्वचेवर उठणारे बारीक फोड
कुबट – ओलाव्यामुळे घाण वास येणारा
मानवणे – सोसणे, त्रास न होणे
अंधुक – अस्पष्ट, धुंदले
तुषार – पाण्याचे बारीक थेंब
विषबाधा – विषामुळे होणारा आजार
जहाल – अतिशय तीव्र
बंधनकारक – करणे भाग असलेले, लाजमी
खोबण – खोलगट जागा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. लेखक उन्हाळ्याच्या सुट्टीत कोठे गेला होता?
२. गर्ट्रूड एडर्लीच्या चष्म्याच्या कडा कशाने बंद केल्या होत्या?
३. शरीरातील सर्वांत पातळ त्वचा कोणती?
४. औषधाच्या डब्यावरील कोणता रंग सर्वांत जहाल विष दाखवतो?
५. औषध डोळ्यात उडाल्यास डोळा किती वेळ धुवावा?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
१. 'चश्म' म्हणजे ..........
२. रबराच्या ॲलर्जीचे पुरळ .......... दिवसांनी उठते.
३. अब्बांच्या चष्म्याच्या आतल्या कडेला .......... पट्टी होती.
४. आमच्या जिल्ह्यात .......... चे साल कोणी विसरलेले नाही.

प्र. ३. कोण कोणास म्हणाले ते लिहा.
१. "मग आज तुम्ही चष्मा लावून चष्म्यात उतरा!"
२. "म्हणजे निम्मे उत्तर तूच दिलेस."
३. "त्यापेक्षा तो नसलेला बरा."
४. "भाऊ, हा चष्मा तुम्ही कधी धुतला होता?"

प्र. ४. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
१. गॉगलच्या कडेमुळे त्वचेला त्रास होण्याची तीन कारणे कोणती?
२. दुसऱ्याचे मलम डोळ्यांजवळ का लावू नये?
३. पोहण्याचा गॉगल फवारणीसाठी का चालत नाही?
४. त्रास चष्म्याचा आहे की विषाचा, हे कसे ओळखावे?
५. लेखकाने शेवटी आपला गॉगल वेगळ्या खिळ्याला का टांगला?

प्र. ५. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
गोडी वाटणे, मन राखणे, रीघ लागणे, वाट पाहणे

प्र. ६. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. मराठीत त्यांचे लिंग कोणते ते लिहा. उर्दूत ते तेच आहे का, ते पाहा.
चष्मा, जखम, शहर, नजर, बाजार, हिंमत

प्र. ७. कंसातील सूचनेप्रमाणे वाक्ये बदला.
१. अब्बांनी चष्मा धुतला. (भविष्यकाळ करा.)
२. पापणी सुजली. (अनेकवचन करा.)
३. मी गॉगल पिशवीत कोंबला. (वर्तमानकाळ करा.)

उपक्रम

तुमच्या घरी किंवा शेजारी पोहण्याचा, फवारणीचा किंवा वेल्डिंगचा चष्मा असल्यास तो मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली पाहा. फवारणीच्या चष्म्याला हात लावू नका. चष्म्याची कड कशाची आहे, तो कसा ठेवला आहे आणि वापरणाऱ्याला काय त्रास होतो, हे विचारा. मिळालेली माहिती आठ-दहा ओळींत मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.